शेजारणीचा आकडा

ट्युनिस, २६ फेब्रुवारी १९९६

प्रिय खालती मन्नूबिया, माझे मावशी,

तुझ्या कपाळाला ओठ लावून सुरुवात करते. ईदची टोपली पोचली. भाड्याच्या लुआज गाडीवाल्या अम् तय्यबनं ती स्टँडवर माझ्या हातात देताना "वाटेत मी खजुराचा एकही मकरूद खाल्लेला नाही" असं इतक्या वेळा सांगितलं, की बरेच खाल्ले असणार. उरलेले इस्पितळातल्या आमच्या प्रयोगशाळेत तासाभरात संपले. सर्वांत जास्त मुरादनं हाणले. मुराद म्हणजे आमचा संगणक सांभाळणारा.

आता कामाचं. तू दर वेळी विचारतेस, पोरी, तू तिथं नक्की करतेस तरी काय? आणि मी दर वेळी "मेंदूवर काम" म्हणून सुटते. आज सुटत नाही, कारण मलाच तुझी गरज पडली आहे.

माणसाला दुखलं की त्याच्या मेंदूत विजेची एक बारीकशी लाट उठते. ती आम्ही डोक्याच्या वरून टिपतो. डोक्यावर कापडी टोपी, टोपीत छोट्या चकत्या, चकत्यांना तारा. हाताच्या पाठीवर किरणाचा चटका द्यायचा, तव्याला बोट ओझरतं लागावं तेवढाच, डागसुद्धा पडत नाही. मग विचारायचं, किती दुखलं? काहीच नाही तर शून्य, सोसवेनाच तर दहा. एका चटक्याची लाट दिसत नाही, कारण डोळ्यांची उघडझाप, जबडा, मान, सगळ्यांची वीज तिच्यात कालवलेली असते. म्हणून पुष्कळ चटके देऊन सरासरी काढायची. मग संगणकाच्या पडद्यावर एक खड्डा आणि एक टेकाड उमटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, खालती. दुखणं दिसतं असं कधी वाटलं होतं का?

तोंडानं सांगितलेला आकडा आणि मेंदूतली लाट यांचा मेळ बसतो का, हाच माझा प्रबंध. विशीतल्या विद्यार्थ्यांवर काम झालं. पण आमचे प्रोफेसर सी नाजी म्हणतात, पन्नाशीपुढच्या बायकांवाचून प्रबंध अर्धवट आहे, आणि तो मेअखेर पुरा झाला नाही तर माझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल. ट्युनिसच्या बायकांना विचारलं तर त्या पर्स उचलून पळतात.

तू गल्लीतल्या पाचसहा जणी घेऊन येशील? जाण्यायेण्याचं भाडं आमचं. केस तेवढे स्वच्छ हवेत, म्हणजे चकत्या नीट बसतात.

तुझी,
दलेंदा

ता. क. टोपलीतल्या चिठ्ठीत तुझं अक्षर असं लोळत का पडलं होतं? लहानपणी टिंब चुकलं की माझा कान धरणारी तू!

*

नाबूल, २ मार्च

दलेंदा, पोरी,

तुझी आई गेल्यापासून तुला शिकवलं, वाढवलं, राजधानीला धाडलं, ते म्हाताऱ्यांना चटके द्यायला होय? चटकेच द्यायचे होते तर माझ्या भट्टीपाशी बसली असतीस. इथं फुकट मिळतात.

येतो आम्ही सहा जणी. शेजारच्या शलबियाला भिंतीवरून सांगितलं, आणि मग आणखी कुणाला सांगायची गरजच उरली नाही. सगळ्यांना एकच चिंता आहे. हे यंत्र मनातलं वाचतं का? शलबिया म्हणते, सुनेबद्दल काय वाटतं ते कागदावर उमटणार असेल तर मी येणार नाही. बय्याला सासूची काळजी आहे, आणि तिची सासू तर केव्हाच देवाघरी गेली.

हा मुराद कोणाचा कोण? वय काय? बायकांच्या डोक्यांना टोप्या तो घालतो की काय? मकरूद त्याला आवडले हे मात्र चांगलं.

अक्षराचं म्हणशील तर गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं होतं. आत्ताही तसंच लिहितेय. बागेत कडू नारिंगाला कळ्या धरल्यात. फुलं उमलली की अर्क काढायचा मोसम, मग मला मरायलाही सवड नसते. त्याआधी बोलाव.

तुझी खालती

*

ट्युनिस, ६ मार्च

खालती,

१४ मार्चला सकाळी या. यंत्राला सुनांचं काही कळत नाही आणि सासवांचं तर मुळीच नाही. लल्ला शलबियाला सांग, तिच्या घरातली सगळी भांडणं सुखरूप राहतील.

टोप्या मी घालते. मुराद पडद्याच्या पलीकडे बसतो, त्याला फक्त लाटा दिसतात. वय एकतीस. याहून जास्त काही विचारू नकोस.

डिंक चघळत येऊ नका. जबडा हलला की लाटांची वाट लागते. आणि गप्प बसावं लागेल. एकदम नाही, थोडा थोडा वेळ. जमेल ना?

दलेंदा

*

ट्युनिस, १७ मार्च

प्रिय खालती,

तुम्ही गेल्यापासून इथले लोक मला विचारतायत, त्या बायका पुन्हा कधी येणार? नर्सांनाही तुमची आठवण येतेय. पण मी अजून कपाळाला हात लावून बसले आहे.

"केस स्वच्छ हवेत" असं मी लिहिलं, ही माझीच चूक. नाबूलची बाई राजधानीत, तेही इस्पितळात जायची, म्हणजे आदल्या दिवशी हम्माम, डोक्याला तफलची माती, आणि वर लवंग घातलेलं ऑलिव्हचं तेल चोपडून घट्ट वेणी! हे मला ठाऊक नव्हतं का? माझीच वेणी तू अशी घातलेली. सहा डोकी, सहाच्या सहा तेलानं निथळतायत. पहिली चकती बय्याच्या कपाळावरून घसरली ती थेट तिच्या मांडीवर. सी नाजी दारात उभे राहून म्हणाले, "खोलीला सॅलडचा वास का येतोय?" मग भांडी घासायचा साबण आणून सगळ्यांची डोकी धुतली. लल्ला शलबिया बेसिनमध्ये वाकून ओरडत होती, "लग्नाच्या दिवशीसुद्धा कुणी माझं डोकं इतकं चोळलं नव्हतं!"

ते हसण्यावारी गेलं. पुढचं नाही गेलं. चटका दिला, विचारलं, किती दुखलं? बय्या म्हणाली, "लाबास, काही नाही. शून्य." दुसरी म्हणाली शून्य. तिसरीनं विचार करून अर्धा सांगितला, तर बाकीच्या तिच्याकडे अशा बघायला लागल्या की तिनं तोही मागे घेतला. लल्ला शलबियानं शून्य सांगताना खुर्चीचा हात असा आवळला होता, की मला वाटलं मोडतो. आणि लाटा? विशीतल्या विद्यार्थ्यांपेक्षा उंच. सी नाजींनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "दलेंदा, एक तर यंत्र बिघडलंय, नाही तर नाबूलच्या बायका भाजलेल्या मातीच्या आहेत." मुराद दोन दिवस तारा तपासतोय. यंत्र धडधाकट आहे.

असे आकडे घेऊन माझा प्रबंध उभा राहत नाही, खालती. आकडाच शून्य, तर लाटेचा मेळ घालू कशाशी?

आणि तू. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला, तू डावा. उजव्याला फडकं बांधलं होतंस. भट्टीवर भाजलं, म्हणालीस. तू चाळीस वर्षं अर्क काढतेस, मी तुला एकदाही भाजलेलं पाहिलं नव्हतं. जेवताना चमचाही डाव्या हातात होता. खरं सांग, हाताला काय झालंय?

तुझी,
दलेंदा

*

नाबूल, २४ मार्च

पोरी दलेंदा,

हे शलबियाच्या हातून लिहून घेतेय, कारण फुलं आली आणि माझे हात त्यातच असतात. गल्ली नुसती घमघमतेय. बायका चादरींवर फुलं ओतून देठ काढत बसल्यात आणि सगळ्यांच्या तोंडी तुझीच प्रयोगशाळा आहे.

तू आम्हाला खोटारड्या ठरवलंस, हे वाचून मला हसू आलं. अगं वेडे, चारचौघींत बाई "दुखलं" म्हणेल का? तेही पडद्यामागे परका पुरुष बसलेला असताना? माझी सगळी बाळंतपणं झाली तेव्हा शेजारणींना वाटलं मी झोपलेय. आमच्या गल्लीत बाई एकदा ओरडली की ते प्रत्येक लग्नात निघतं. शलबियानं दाढ काढताना हंबरडा फोडला होता, त्याला किती वर्षं झाली! अजून कुठल्याही मांडवात डफ वाजायला लागला की कुणीतरी उठून तिची नक्कल करतं. (हे मी लिहिणार नव्हते. ती डोक्यावर उभी आहे. – शलबिया)

पण परतीच्या वाटेवर गंमत झाली. गाडी सुटल्या सुटल्या शलबिया म्हणाली, "बिचारी बय्या, पायाचा अंगठा कसा वळत होता तिचा. सात तरी असणार." बय्या म्हणाली, "माझं सोड, तुझ्या मानेवर घाम फुटला होता. आठ." मग काय, संत्र्यांच्या बागा लागेपर्यंत प्रत्येकीचा आकडा ठरला होता, फक्त तो दुसरीनं सांगितलेला. भांडणंसुद्धा झाली. सगळी यादी पत्राच्या पाठीमागे लिहिलीय. अम् तय्यब म्हणाला, मलाही एक आकडा द्या, तुम्हाला नेताना माझं डोकं दुखतं.

माझ्या हाताला काही झालेलं नाही. लाबास.

तुझी खालती

*

ट्युनिस, ३० मार्च

प्रिय खालती,

गाडीतली गंमत वाचली आणि मी खुर्चीतून उठलेच. तसेच कागद काढले. मुराद आकडे वाचत गेला, मी लाटा मोजत गेले. बय्याची लाट उंच, सात. लल्ला शलबियाची सगळ्यांत उंच, आठ. जिला तुम्ही "हिला फारसं नाही लागलं" म्हणालात तिची बुटकी. स्वतःचा आकडा एकीनंही खरा सांगितला नाही, आणि शेजारणीचा एकीचाही फारसा चुकला नाही!

सी नाजींनी बजावलं, की सहा बायकांवरून काही सिद्ध होत नाही, शिवाय तुम्ही सगळे आकडे गाडीत भांडून ठरवलेत. पण बजावताना ते हसत होते. आता नवा बेत असा: एका वेळी दोघीच आत येतील. एक खुर्चीत, दुसरी तिच्या समोर. दुसरी आपला आकडा कागदावर लिहील, कुणाला दाखवणार नाही. मुराद खोलीबाहेर. फुलांचा मोसम आटोपला की या. आणखी कुणी येणार असतील तर त्यांनाही आणा. तेल नको! मी हात जोडते, तेल नको!

आता हे पत्र तू वाचशील हे मला माहीत आहे, तरी एक प्रश्न लल्ला शलबियासाठी लिहिते. लल्ला, तुम्ही रोज खालतीच्या समोर बसता. तिच्या उजव्या हाताचा तुमचा आकडा किती?

दलेंदा

*

नाबूल, ७ एप्रिल

पोरी दलेंदा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शलबियाला विचारायची गरज नाही, मी देते. लिही गं शलबिया: माझा हात छान आहे.

(छान नाही. तिचा चष्मा भट्टीपाशी राहिलाय, म्हणून मधे मधे मी माझंही लिहिते. देव मला माफ करो.)

फुलांना यंदा भाव चांगला आहे. तांब्याच्या भांड्यावर झाकण बसवून कणकेनं सांध लिंपायची, ते काम नेहमीसारखं मीच करते.

(ती करत नाही. गेल्या वर्षापर्यंत करायची. आता कणीक मी लिंपते, ती शेजारी उभी राहून शिव्या घालते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर असतात. बोट गरम तांब्याला टेकलं ते तिला कळलंच नाही, वास आल्यावर कळलं. आणि बधिर असून दुखतात, हे कसं ते तूच सांग.)

झोप उत्तम लागते.

(झोपेतून उठून हात झटकते. भिंत एक आहे, मला ऐकू येतं. पेला हातातून पडतो. सदऱ्याची बटणं मी लावते. अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा बसलाय, तिथं आता खळगा आहे.)

तू आपलं प्रबंधाकडे बघ. इकडची चिंता करू नकोस.

(आता खरं कारण. तिचं पोट कापलं होतं तेव्हा तू परीक्षा सोडून इथं येऊन बसलीस आणि तुझं वर्ष गेलं, ते तिच्या मनातून जात नाही. म्हणते, पोरीला कळलं की सगळं टाकून येईल. मे संपेपर्यंत तोंड उघडणार नाही, अशी मला शपथ घातली होती. मी तोंड उघडलेलं नाही. लिहिलंय फक्त.)

मुरादला सलाम सांग. त्याच्या आईचं माहेर कुठलं, ते विचारून ठेव.

तुझी खालती

(माझा आकडा नऊ. – शलबिया)

*

ट्युनिस, ११ एप्रिल

माझी खालती,

मला सगळं कळलं. लल्ला शलबियावर रागावू नकोस. बरं, थोडी रागाव, नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होईल.

पत्र वाचून मी रडले. मुराद घाबरून पाण्याचा पेला घेऊन आला, मी पेला परत केला आणि त्याला सगळं सांगितलं. तुझी बटणं दुसरी कुणी लावते, हे मला इथं बसून कळावं? आणि कारण काय, तर मी? तुझ्या आजारपणात मी वर्ष घालवलं नव्हतं, खालती. ते माझ्या सगळ्या वर्षांतलं चांगलं वर्ष होतं. आपण दोघी किती पत्ते खेळलो आठव! तू पोटाला टाके असताना सुद्धा लबाडी करायचीस.

तरी तुझं भय मला समजलं. म्हणून इथं लिहून देते: मी नाबूलला येणार नाही. प्रबंधाचं एक पानही सोडणार नाही. तू यायचंस. आमच्याच इमारतीत हाताच्या नसा तपासणारी डॉक्टर आहे, तिच्याशी बोलले. तिला वाटतं, मनगटातून जाणारी नस दाबली जातेय. वेळेवर सोडवली तर हात परत येतो. उशीर केला तर अंगठा जातो.

आणखी एक. तुझ्या डाव्या हाताच्या लाटा मी पुन्हा काढून पाहिल्या. चांगल्या उंच आहेत. मला मोह झाला, तुझ्यासमोर कागद नाचवून म्हणावं, बघ, पकडली! पण तसं म्हणता येत नाही. माणूस दचकला तरी लाट उंच होते, लक्ष दुसरीकडे गेलं तर बुटकी. यंत्राला लाट दिसते, पण दुखतंय ते तुलाच. तुझ्या वतीनं यंत्र बोलणार नाही, मी नाही, आणि शलबियाचं नऊसुद्धा डॉक्टरसमोर चालणार नाही. आकडा तुझ्या तोंडून हवाय.

येशील ना?

तुझीच,
दलेंदा

*

नाबूल, १६ एप्रिल

पोरी,

फुलं संपली की येते. शलबियाशी माझं बोलणं बंद आहे. फक्त पत्र लिहून घेण्यापुरतं बोलते, आणि कणीक लिंपण्यापुरतं, आणि जेवायला हाक मारण्यापुरतं.

(आणि आत्ता खिडकीतून मांजर गेलं त्याबद्दल. – शलबिया)

खालती

*

ट्युनिस, २५ एप्रिल

प्रिय लल्ला शलबिया,

तुम्ही सगळ्या परवा परत गेलात, खालतीला मी ठेवून घेतलं. म्हणून हे पत्र तुमच्या नावानं.

आधी प्रयोगाचं. या वेळी अकरा जणी आलात आणि एकीच्याही डोक्याला तेल नव्हतं, याबद्दल सी नाजींनी जाहीर आभार मानले आहेत. बय्यानं मात्र तेलाची बाटलीच भेट म्हणून आणली. आकडे पुन्हा तसेच निघाले. स्वतःचे शून्य-एक, समोरचीनं लिहिलेले सहा-सात-आठ, आणि लाटा समोरचीच्या बाजूनं. सी नाजी म्हणाले, "हे प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण म्हणून घाल, पण 'सिद्ध झालं' हा शब्द लिहिलास तर मी ते पान फाडीन." मी "दिसून आलं" असं लिहिलंय. काम मार्गी लागलं, लल्ला. ते तुमच्या दाढेमुळे आणि गाडीतल्या बडबडीमुळे, असं मी मानते.

आता खालतीचं. डॉक्टरनं विचारलं, किती दुखतं? खालती म्हणाली, "लाबास." मी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं, तीन." इतका अवजड शब्द तिनं आयुष्यात उच्चारला नसावा. डॉक्टर म्हणाली, "ठीक आहे," आणि मनगटाला तारा लावून विजेचे बारीक झटके दिले. नसेतला निरोप दंडापासून मनगटापर्यंत धावत येतो आणि मनगटात येऊन चिखलात रुतावा तसा रुततो. खालतीला पडदा दाखवला, तर म्हणाली, "याला एवढं यंत्र कशाला, शलबियानं सांगितलंच होतं." ऐकलंत? तुमचं नाव घेतलं!

शस्त्रक्रियेला ती तयारच नव्हती. बकरी ईद आहे, मग जाऊबाईच्या नातवाची सुंता आहे, मग भाचीचा प्रबंध आहे. तेव्हा डॉक्टरनं शांतपणे सांगितलं, "वर्षभर थांबलात तर या अंगठ्यानं कणीक दाबता येणार नाही." खालतीनं अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ईद झाल्यावर ठरवा." फक्त मनगट बधिर करतात, अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. ७ मेचा दिवस ठरला.

मी तिच्याबरोबर नाबूलला येणार नाही, तसं मी कबूल केलंय. तुम्ही आहात म्हणून हे कबूल करणं सोपं गेलं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. टाके निघेपर्यंत तिला भट्टीला, धुण्याच्या पिळ्याला, पत्त्यांना हात लावू देऊ नका. आणि तुमचा आकडा मला दर आठवड्याला कळवा.

तुमची,
दलेंदा

*

नाबूल, १९ मे

दलेंदा,

या आठवड्याचा माझा आकडा: दोन. गेल्या आठवड्यात चार होता, त्यातला एक नाटकाचा होता. टाके निघाले. काल ती झोपली ती सकाळीच उठली. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना, तर मीच घाबरून दार वाजवलं. दार उघडून म्हणते, "काय गं, माणसानं झोपूही नये का?"

आमचं बोलणं पूर्ववत सुरू आहे, म्हणजे भांडणसुद्धा. आज तिनं कणकेचा गोळा मागून घेतला आणि नुसता अंगठ्यानं दाबत बसली. खळगा उमटला की पुसायची आणि पुन्हा दाबायची. मी बघत नाही असं दाखवलं.

पुढचं पत्र माझ्या हातचं नसेल. कागद आणि शाई तिनं माझ्याकडून काढून घेतलीय.

शलबिया

*

नाबूल, २ जून

पोरी दलेंदा,

हे मी लिहितेय. मी. अक्षर बघ. पहिलीतल्या पोरासारखं आहे, ओळी डोंगर चढतायत, पण गुडघ्यावर कागद नाही, टेबलावर आहे, आणि पेन उजव्या हातात. दर दोन ओळींनी थांबते. थांबायला आता लाज वाटत नाही.

तुझा प्रबंध पुरा झाल्याचं कळलं. अम् तय्यबनं स्टँडवर ओरडून सगळ्यांना सांगितलं, मग बय्यानं गल्लीत ललकाऱ्या दिल्या, आणि त्या दिवशी घरी चहा पिऊन गेलेल्यांची गणतीच नाही. गल्लीतल्या बायका आता स्वतःला मोठ्या शास्त्रज्ञ समजायला लागल्यात. काल मटणवाल्याचं बोट कापलं तर चौघींनी चार आकडे सांगितले.

यंदाच्या अर्काची पहिली बाटली तुला पाठवतेय. दुसरी मुरादच्या आईला. तिचं माहेर मोनास्तीरला आहे हे मला कसं कळलं, ते विचारू नकोस. जुलैत तू ये, त्याला आण. टोपी न घालता आण.

आता एक राहिलंय. तू म्हणाली होतीस, आकडा तुझ्याच तोंडून हवाय. तोंडून जमलं नाही, डॉक्टरसमोर तीनपर्यंतच पोचले. पण हात माझा आहे, आणि आता तो लिहितो, तेव्हा त्यालाच सांगू दे.

नऊ होतं, पोरी. कितीतरी महिने नऊ होतं.

आता एक आहे.

शलबियाचं बरोबर आलं होतं, हे तिला सांगू नकोस. नाही तर पहिल्या लग्नात उठून सांगेल, आणि माझा अंदाज आहे की पहिलं लग्न तुझंच असणार.

तुझी खालती
मन्नूबिया